आईची चाल सरळ करायच्या मागे लागू नका, आधी काठीचा हात बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५८ वर्षांची, वजन ६० च्या आसपास, आयुष्यभर विड्या वळल्या. वर्षभरापासून उजवा खुबा दुखतोय, एक्सरेत झीज सुरू झालीय असं सांगितलंय. चालताना प्रत्येक पावलाला उजवीकडे कलते. भाऊ सारखा मागे लागतो, "नीट चाल की, सवय लागली तुला." काठी आणलीय ती उजव्या हातात धरते, आणि गल्लीतले लोक सांगतात रोज दहा हजार पावलं चाला, सगळं मोकळं होईल. तर चालायची बरोबर पद्धत कोणती आणि ती आईला कशी शिकवायची.

मी सोलापुरात २२ वर्षं फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक एकतर लूमवर (यंत्रमागावर) उभं राहून थकलेले नाहीतर विड्यांसाठी मांडी घालून बसून आखडलेले, त्यामुळे तुमची आई न बघताही थोडी डोळ्यासमोर आली. पण न बघता जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते, बाकी कशावर अवलंबून आहे तेही मध्ये मध्ये येईल.

पहिली गोष्ट, भावाला थांबवा. तुम्ही विचारलंय बरोबर पद्धत कोणती, पण खरा प्रश्न मला वेगळा वाटतो, की आई कलते ती का कलते. दुखणाऱ्या माणसाची चाल ही बहुतेक वेळा सवय नसते, शरीराने केलेला हिशोब असतो. आणि हा हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का असतो.

मला हे शिकायला एका लूमवाल्या काकांनी लावलं. प्रॅक्टिसची पहिली दोन-तीन वर्षं असतील, पुस्तकं ताजी होती डोक्यात. काका असेच एका बाजूला कलायचे, मी त्यांना आरशासमोर उभं केलं, खांदे सरळ, मान सरळ, रोज अर्धा तास सरळ चालायचं म्हणून सांगितलं, आणि ते बिचारे इमानदारीत आठवडाभर चालले. आठव्या दिवशी पोरगा रिक्षातून घेऊन आला. काका म्हणाले, "म्याडम, तुम्ही मला सरळ केलात आणि मी आडवा झालो की ओ." त्या दिवसापासून मी चाल सुधारायच्या आधी चालीला विचारते, बाई तू अशी का.

आता हिशोब काय तो बघू, थोडं गणित आहे पण भाजी मंडईतल्या तराजूच्या पलीकडचं नाही.

आपण चालतो तेव्हा एक पाय टेकल्यापासून तोच पाय परत टेकेपर्यंतचा वेळ शंभर धरला तर साधारण ६० भाग तो पाय जमिनीवर असतो आणि ४० भाग हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात तो वेळ जेमतेम २० भाग, तोही दोन तुकड्यांत. म्हणजे चालण्याचा बहुतेक वेळ माणूस एका पायावर उभा असतो. हे कोणाला खरं वाटत नाही पण चालणं म्हणजे एका पायावर उभं राहायचा व्यायामच आहे, पाळीपाळीने.

एका पायावर उभं राहिलं की गंमत होते. समजा आई उजव्या पायावर आहे. ६० किलोतला तो पाय सोडला, पायाचं वजन धरा १० किलो, तर वरचं ५० किलो शरीर उजव्या खुब्याच्या सांध्यावर तोललं जातंय, पण ते सांध्याच्या बरोबर वर नसतं, आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, साधारण १० सेंटिमीटरवर त्याचा भार पडतो. मग कंबर डावीकडे पडायला पाहिजे. ती पडत नाही कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पॅन्टच्या बाजूच्या खिशात हात घातल्यावर तळहात टेकतो तिथे, एक पंख्यासारखा स्नायू आहे, तो दुसऱ्या बाजूने ओढून धरतो. पण त्याला अंतर मिळतं फक्त ५ सेंटिमीटर. तराजूचा एक दांडा १० चा, दुसरा ५ चा. तर ५० किलो तोलायला त्या स्नायूला १०० किलोचा जोर लावावा लागतो. आणि सांध्यावर काय येतं? वरून ५० आणि स्नायू ओढतो ते १००, मिळून १५०. बाईचं वजन ६०, सांध्यावर १५०. आकडे मी सोयीचे गोल धरलेत, पण हे नुसतं कागदावरचं नाही. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान आणि त्यांच्या टीमने कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवून माणसं चालवून बघितली, तर साध्या चालीतसुद्धा वजनाच्या जवळजवळ अडीच पट भार निघाला.

आता आई उजवीकडे का कलते ते कळेल. अंग उजवीकडे नेलं की तो १० सेंटिमीटरचा दांडा आखूड होतो. समजा ६ झाला. मग स्नायूला ६० किलोचाच जोर लागतो आणि सांध्यावर १५० ऐवजी ११० येतात. नुसतं चार सेंटिमीटर कललं की प्रत्येक पावलाला ४० किलोची सूट! कोणी शिकवलं तिला हे? कोणीच नाही. दुखणं बरोबर शिकवतं. आणि तुमचा भाऊ "नीट चाल" म्हणतो तेव्हा नकळत तो आईला सांगतोय की हे ४० किलो परत अंगावर घे.

गड्ड्याच्या वेळी, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, संक्रांतीला नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) निघतात तेव्हा पेलणाऱ्या माणसाचे पाय बघा कधीतरी, सगळे वर बघत असतात, मी खाली बघते (पेशाचा दोष). एवढी उंच काठी जरा एका बाजूला कलली की तो हाताने ओढत बसत नाही, पाय तिच्याखाली नेतो, छोटी छोटी पावलं, पाय थोडे फाकलेले. भार आणि आधार एकाखाली एक आणायचे, एवढंच तत्त्व आहे. तो आधार भाराखाली नेतो, तुमची आई भार आधारावर नेते.

मग कलू दे का तसंच? तर नाही, तेही नाही. वर्षानुवर्षं कलत राहिलं की कंबर दुखायला लागते, तो बाजूचा स्नायू काम न मिळाल्यामुळे आणखी ढिला पडतो आणि माणूस लवकर थकतो कारण सगळं अंग प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे न्यायचं म्हणजे फुकटची मेहनत आहे. म्हणून कलणं काढायचं नाही, कलण्याची गरज काढायची. इथे काठी येते.

काठी डाव्या हातात. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. माझ्याकडे काठी घेऊन येणाऱ्या दहा जणांतले सहा-सात जण दुखणाऱ्या बाजूलाच धरून येतात, कारण दुखतं तिथे टेकू द्यावा असं कुणालाही वाटणारच, पडक्या भिंतीला आपण तिथेच टेकू लावतो. पण आपला तराजू आठवा. जड पारडं डावीकडे आहे. डाव्या हाताने काठीवर दाबलं की ते जड पारडं खालून उचललं जातं, आणि काठीचा दांडा केवढा लांब, खुब्यापासून धरला तर ३५ सेंटिमीटर तरी. नुसता ५ किलोचा दाब दिला तरी हिशोब असा होतो: स्नायूचा जोर १०० वरून ६५ आणि सांध्यावरचा भार १५० वरून ११०. म्हणजे चार सेंटिमीटर कलून जे मिळत होतं तेच, न कलता. उजव्या हाताने दाबलं तर तुम्ही हलकं पारडं उचलताय, स्नायूचं काम उलट वाढवताय, आणि मग त्याची भरपाई करायला सगळं अंग काठीवर टाकावं लागतं, आणखी कलावं लागतं. तुमच्या आईचं कलणं काठी आणल्यावर वाढलं असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

५ किलो म्हणजे किती हे सांगून कळत नाही. मी क्लिनिकमध्ये साधा वजनकाटा जमिनीवर ठेवते, त्यावर काठीचं टोक टेकवते आणि म्हणते दाबा, काटा पाचवर येईपर्यंत. बहुतेकांना आधी वाटतं काटा बिघडलाय, इतक्या कमी जोरात पाच येतो. घरी काटा असेल तर करून बघा, हाताला अंदाज येतो.

काठी कधी टेकायची, तर उजव्या पायाबरोबर. उजवा पाय पुढे, डावा हात पुढे. हे मुद्दाम शिकायचं कामच नाही, आपण मोकळे चालतो तेव्हा हात उलट पायाबरोबरच हलतात. आई पहिले दोन दिवस गोंधळेल, मग हाताची आपोआप लय बसते. उंची मोजायची तर आईने रोजची चप्पल घालून, हात सोडून सरळ उभं राहायचं, काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे, धरल्यावर कोपर थोडासा वाकलेला. बाजारातल्या काठ्या बहुतेक उंच असतात, मग खांदा कानाला लागतो आणि आठ दिवसांत मान दुखते म्हणून काठी कोपऱ्यात जाते. खालचं रबर झिजलं की लगेच बदला, आपल्याकडच्या ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत रबराची काठी म्हणजे नसलेली बरी. पायऱ्या असतील तर चढताना आधी डावा पाय म्हणजे चांगला, मग उजवा आणि काठी, उतरताना आधी काठी आणि उजवा, मग डावा. एक हात कठड्यावर.

पिशवीचं पण बघा, हे कोणी सांगत नाही. आपण सगळे दुखणारी बाजू वाचवायला पिशवी चांगल्या बाजूच्या हातात घेतो. याच गणितात ५ किलो भाजी डाव्या हातात घेतली तर उजव्या खुब्यावर १९० च्या आसपास जातात, आणि तीच पिशवी उजव्या हातात घेतली तर १४०. पन्नास किलोचा फरक, पिशवी तीच! तर काठी डावीकडे, पिशवी उजवीकडे. न घेतलेली सगळ्यात बरी, पण मंडईत जाणारी सोलापूरची बाई रिकाम्या हाताने परत येत नाही हे मलाही माहितीये.

आता अवलंबून असण्याच्या गोष्टी. मी हे सगळं खुबाच खराब आहे असं धरून लिहिलंय. पण कलून चालायची कारणं बरीच असतात. सांधा चांगला आणि स्नायूच कमजोर असेल तरी माणूस कलतो, कमरेतली नस दबली असेल तर तो स्नायू ढिला पडू शकतो, एक पाय आखूड असला तरी, लहानपणापासून सांधा निखळलेला असला तरी. खुब्याचं दुखणं खरं तर जांघेत जाणवतं, कधी कधी चक्क गुडघ्यात जाणवतं, आणि लोक ज्याला "खुबा" म्हणून हात लावतात ती बाजू किंवा मागचा भाग कमरेचाही असू शकतो. आईला विचारा नक्की कुठे, बोटाने दाखव म्हणा. जांघेकडे बोट गेलं, आणि मांडी घालताना, पायाची नखं कापताना त्रास होतो म्हणाली, तर सांध्याचा संशय पक्का होतो.

घरी एक बघता येतं. आईला स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन बोटं टेकवून उभं करा, तुम्ही मागे बसा, कमरेच्या दोन्ही बाजूच्या हाडांवर तुमचे अंगठे ठेवा, आणि तिला डावा पाय उचलायला सांगा, अर्धा मिनिट. डावीकडचा अंगठा खाली घसरला, नाहीतर आई उजवीकडे झुकून उभी राहिली, तर उजव्या बाजूचा स्नायू भार पेलत नाहीये. फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये हे लिहून ठेवलंय आणि आजही आम्ही हेच करतो, मशीन लागत नाही. पण यावरून स्नायू पेलत नाही एवढंच कळतं, का पेलत नाही ते कळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे ऐका. आमच्याकडे लूम बिघडला की जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा कारागीर, आधी लांबून खटखट ऐकतो, मग हात लावतो. मी पण पेशंट पॅसेजमधून येताना टेबलावर मान खाली घालून ऐकते. दुखणाऱ्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, त्यामुळे आवाज टप-टप-टप-टप असा सारखा येत नाही, टप्... टप-टप्... टप असा लंगडा येतो. पाय सपकन आपटल्याचा आवाज आला तर मला खुब्याऐवजी नसेची काळजी वाटते. काठीचा हात बदलल्यावर आठवडाभराने परत डोळे मिटून ऐका, ताल जवळ जवळ आला असेल तर काठी काम करतेय.

विडीच्या कामाबद्दल थोडं. सूप मांडीवर घेऊन आठ-दहा तास बसायचं, कमरेतून पाय सतत दुमडलेले. यामुळेच झीज झाली असं मी म्हणणार नाही, तशी झीज कधीही विडी न वळलेल्यांनाही होते. पण खुब्याच्या पुढची बाजू आखडते हे मी रोज बघते. आणि चालताना प्रत्येक पावलाच्या शेवटी मांडी शरीराच्या थोडी मागे जावी लागते, दहा-पंधरा अंश. ती जागाच उरली नाही तर पाऊल आखूड पडतं आणि मागे जायचं काम कंबर करते, म्हणून अशा बायका थोडं चालल्या की कमरेवर हात ठेवून थांबतात. दिवसातून दोनदा ५-१० मिनिटं पालथं झोपायचं, उशी न घेता, जांघेत ताण जाणवला पाहिजे पण कळ यायला नको. त्यानंतर डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, टाच थोडी मागे, पाय पुढे येऊ द्यायचा नाही, नाहीतर भलताच स्नायू काम करतो. दहा वेळा, दमली तर सहा वेळा. आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, कारण पाऊल पुढे ढकलायचा मुख्य जोर पोटरीचा असतो, आणि पोटरीकडे कोणी बघत नाही, सगळे गुडघ्याला तेल लावत बसतात. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढलं आणि रात्रीपर्यंत उतरलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं तर निम्मं करा.

दहा हजार पावलं. हा आकडा जपानमधून आलाय, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" अशा अर्थाचं होतं. जाहिरातीला गोल आकडा बरा पडतो. नंतर अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या हजारो बायकांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, त्यात दिवसाला ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या पुढे आणखी फायदा दिसेना. म्हणजे खुबा दुखत असताना दहा हजाराचा हट्ट कशाला.

उलट हा हिशोब करा. मिनिटाला १०० पावलं, २० मिनिटं, २००० पावलं, त्यातली १००० उजव्या पायाची. काठी योग्य हातात असेल तर प्रत्येक पावलाला ४० किलो कमी, म्हणजे एका फेरीत ४०,००० किलो. चाळीस टन! अशी बेरीज शास्त्रात कोणी करत नाही, पण पेशंटला एवढं एकच वाक्य पटतं, आणि काठी घेऊन बाहेर पडायची लाज जाते. वजनाचंही तसंच, दोन किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला पाच किलो सुटले.

मी सांगेन सुरुवात दहा-दहा मिनिटांनी, दिवसातून दोनदा, सपाट रस्त्यावर. सोलापुरातल्या कंबर तलावाच्या बाजूला लोक सकाळी चालतात तसं जमलं तर छान, नाहीतर गल्लीत. एप्रिल-मे मध्ये सातच्या आत घरी. पावलं छोटी टाकायची, लांब ढांगा नकोत. पायात मागे पट्टा असलेली, जाड मऊ तळाची साधी सँडल, महागडे बूट गरजेचे नाहीत. अंगठ्यात अडकवायची सैल स्लीपर नको, ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि पाऊल मोकळं पडत नाही.

काही गोष्टींत मात्र माझं किंवा कुणाचंच उत्तर वाचत बसू नका. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं आणि पाय टेकवत नाही, ताप आहे, रात्री झोपेतून उठवणारी कळ आहे, पाऊल उचलत नाही, लघवी-संडासवरचा ताबा गेलाय, तर लगेच डॉक्टर. आणि आईने कधी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, कुणा वैदूच्या पुड्या घेतल्या असतील, तर ते हाडाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड खचू शकतं, आणि सुरुवातीला ते साध्या एक्सरेत दिसतही नाही.

थोडक्यात आजपासून काय: काठी डावीकडे आणि उंची नीट, पिशवी उजवीकडे, पालथं झोपणं आणि दोन व्यायाम, दहा मिनिटं दोनदा, आणि भावाने गप्प बसणं.

तीन आठवड्यांनी जवळच्या फिजिओकडे दाखवायला न्याल तेव्हा आईची सगळ्यात जुनी चप्पल बरोबर न्या, नवी नको, कुठल्या बाजूला झिजलीय त्यावरून बरंच कळतं. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, एक समोरून, एक मागून, एक बाजूने, प्रत्येकी दहा पावलं, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, साडी घोट्याच्या वर खोचलेली. आईला व्हिडिओ काढणार हे आधी सांगा पण नक्की कधी ते सांगू नका, कॅमेरा समोर दिसला की सगळेच पेशंट सरळ चालतात.